पहिल्या नावाचा मान

सोमवारी सकाळी आमचे विभागप्रमुख डॉ. फिरमान यांनी माझ्या टेबलावर एक यादी ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "म्बाक तिन, यातलं ईबू वुर्यानींचं नाव खोडावं लागणार. त्यांना तेवढं तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

आणि गेलेसुद्धा. म्बाक म्हणजे ताई, ईबू म्हणजे बाई; तिन मी. आमच्या सोलो शहरात कडू गोष्ट कोणी आपल्या तोंडाने सांगत नाही. ती वरून खाली सरकत येते आणि जिच्याखाली कोणीच नसतं तिच्या टेबलावर येऊन थांबते. विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात ते टेबल माझं, तेवीस वर्षं झाली. प्रबंध आला की समास पट्टीने मोजायचा, डावीकडे चार सेंटिमीटर, उजवीकडे तीन, हे माझं मुख्य काम. मोजता मोजता मी आतलं वाचतही गेले. माझं शिक्षण बारावीला थांबलं, त्यामुळे कोणता विषय माझा आणि कोणता नाही हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. भातावरच्या किडीपासून दरबारी पत्रांपर्यंत जे हातात आलं ते वाचलं.

ती यादी होती, आमच्याकडे पीएच.डी.ची मुख्य गाइड कोण होऊ शकतं याची. नवा नियम आला होता. नुसती डॉक्टरेट आणि नोकरीची वर्षं आता पुरणार नव्हती. परदेशी नियतकालिकात एक तरी लेख हवा आणि त्यावर पहिलं नाव स्वतःचं हवं. आमच्याकडे शिकवणाऱ्या वुर्यानींचे लेख होते सात. सातही लेखांवर दोन नावं: कासमाजी आणि वुर्यानी. याच क्रमाने.

कासमाजी म्हणजे वुर्यानींचे गुरुजी, त्या त्यांना बापाक म्हणजे बाबा म्हणत, अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. ते सात लेख वुर्यानींनी एकटीने लिहिले हे मला माहीत होतं, कारण त्यांची टिपणं टाइप मीच करायचे. पण आमच्याकडे शिष्य गुरूच्या आधी दारातून जात नाही, जेवणाच्या रांगेत पुढे उभा राहत नाही. कागदावर तरी कसा पुढे जाणार? प्रत्येक लेख पाठवताना त्यांनी गुरुजींचं नाव वर घातलं, आणि छापून आलेला अंक केळीच्या पानातल्या चिकट भाताच्या वड्यांसोबत त्यांच्या घरी नेऊन दिला. तेव्हा सगळ्यांनी त्यांचं कौतुकच केलं होतं. मीही केलं होतं.

आता प्रश्न फक्त यादीचा नव्हता. रांबू नावाची एक विद्यार्थिनी होती, सुंबा बेटावरची, तिकडच्या एका लहानशा कॉलेजात शिकवणारी. चार वर्षांपूर्वी तीन वर्षांच्या लेकीला आईकडे ठेवून ती इथे आली. तिच्या मुख्य गाइडबाई जानेवारीत जाकार्ताला मंत्रालयात गेल्या. त्यांनी या चार वर्षांत रांबूला चार वेळा भेट दिली असेल. बाकी सगळं काम सहगाइड म्हणून वुर्यानींनीच करून घेतलं होतं. प्रबंध पुरा झाला होता, जाहीर तोंडी परीक्षेची तारीख चोवीस ठरली होती. आता वुर्यानी मुख्य गाइड होणार, आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा सभागृहात पुढच्या खुर्चीवर बसणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यांनी त्या दिवसासाठी नवी कबाया, म्हणजे समारंभाचं पोलकं, शिवायला टाकली होती. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, शिंपिणीने सांगितलं.

त्या पात्र ठरल्या नाहीत तर रांबू जाणार डॉ. फिरमान यांच्याकडे. माणूस वाईट नाही. ऑस्ट्रेलियातून शिकून आलेला, पहिल्या नावाचे एकोणीस लेख, सगळे शहरातल्या वाहतुकीवर. रांबूचा विषय जुनी ऋतुगणती: आमच्या आज्या-पणज्या वर्षाचे बारा लहानमोठे भाग करून पेरणी-लावणी ठरवायच्या, ती आणि खरा पाऊस यांचा मेळ. डॉ. फिरमान तिला चांगलं वागवतील आणि काहीही न वाचता सही करतील, हे त्यांना स्वतःलाही माहीत होतं.

मी यादी घेऊन वुर्यानींच्या खोलीत गेले. त्या वाचून झाल्यावर म्हणाल्या, "बरोबर आहे. नियम आहे." मग उठून खिडकी उघडली, बंद केली, पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. तेवढ्यात मी त्यांना नियमाची दुसरी ओळ दाखवली. पहिल्या नावाच्या लेखकाने स्वहस्ते लिहून दिलं की मूळ काम दुसऱ्याचं आहे, तर चालेल. शुक्रवारी सकाळी समितीची बैठक. तोवर पत्र हवं.

"म्हणजे मी बापाकांकडे जाऊन सांगू, की लिहून द्या, हे तुमचं नव्हतं?"

"हो."

"म्बाक, त्यापेक्षा मी मेरापी ज्वालामुखीच्या तोंडात उडी घेईन."

मी म्हणाले, मेरापीला परवानगीचा वेगळा अर्ज लागतो. त्या हसल्या नाहीत.

मंगळवारी दुपारी आम्ही माझ्या स्कूटरवरून गुरुजींच्या गावाला, क्लातेनच्या रस्त्याला लागलो. वुर्यानी मागे बसल्या होत्या, मांडीवर भाताच्या वड्यांचा डबा. वाटेत त्यांनी मला दोनदा थांबायला लावलं. एकदा डबा नीट बांधायला, एकदा कशाला ते त्यांनाही सांगता आलं नाही. रस्त्याकडेला उभ्या राहून त्या उसाच्या शेताकडे बघत बसल्या आणि मी स्कूटर चालूच ठेवली, कारण बंद केली असती तर त्या परत फिरल्या असत्या.

कासमाजी ओट्यावर नारळाच्या काथ्यात ऑर्किडची रोपं बांधत होते. वय एक्याऐंशी, लुंगी, वर इस्त्रीचा सदरा. आम्हाला पाहून हात धुतले. वुर्यानींनी वाकून त्यांचा हात कपाळाला लावला, मीही लावला. चहा आला, तीन पेले, वर पत्र्याची झाकणं. यजमानाने घ्या म्हटल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही आणि चहाचा घोट घेतल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. कासमाजी घ्या म्हणायचं विसरले. रोपांबद्दल बोलले, गुडघ्याबद्दल बोलले, कालव्याचं पाणी कसं आटत चाललंय ते बोलले. वुर्यानी प्रत्येक वाक्याला 'होय बापाक' म्हणत होत्या. पाऊण तास गेला. चहा गार झाला. वुर्यानींचा अंगठा डब्याच्या दोरीत अडकून पांढरा पडला होता.

शेवटी मीच झाकण उचललं, गार चहा प्यायले आणि आलो कशाला ते सांगून टाकलं. आमच्याकडे हा उद्धटपणा आहे. पण माझ्याकडून कुणाला फारशी अपेक्षा नसते, त्याचा कधी कधी उपयोग होतो.

वुर्यानी जमिनीकडे बघत होत्या. कासमाजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"ती पहिली प्रत तू आणलीस ना पोरी," ते म्हणाले, "तेव्हाच मी म्हणायला हवं होतं की माझं नाव काढ. म्हटलं नाही. मला आवडायचं. निवृत्त माणसाला कोण विचारतं? दर दीड-दोन वर्षांनी घरी अंक यायचा आणि त्यावर माझं नाव. बायको शेजारणींना दाखवायची."

मग ते आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. वुर्यानी कुजबुजल्या, रागावले, चला. मी त्यांचा हात धरून ठेवला. कासमाजी एक फायल घेऊन आले. त्यात सातही लेख होते, आणि चौथ्या लेखाला टाचणीने लावलेलं एक पत्र.

तो चौथा लेख त्यांच्यात सगळ्यात गाजलेला. क्लातेनजवळच्या एका बंद पडलेल्या साखर कारखान्यात जुन्या पावसाच्या नोंदवह्या सापडल्या होत्या, १९११ ते १९४० पर्यंतच्या. त्यावरून वुर्यानींनी दाखवलं होतं की १९३१ पासून या भागात पाऊस पंधरा दिवस उशिरा सुरू व्हायला लागला आणि जुनी ऋतुगणती तिथून चुकायला लागली. हा लेख मी स्वतः टाइप केला होता, तीन वेळा.

पत्र हॉलंडमधल्या एका संशोधकाचं होतं, चार वर्षांपूर्वीचं. त्याला तिकडे कारखान्याच्या मालकांचे कागद मिळाले होते. त्यात लिहिलेलं होतं की १९३१ साली पर्जन्यमापक कारखान्याच्या अंगणातून उचलून टेकडीपलीकडच्या नव्या मळ्यात नेला. टेकडीपलीकडे पाऊस नेहमीच पंधरा दिवस उशिरा येतो. म्हणजे पाऊस जागचा हलला नव्हता. हललं होतं ते मोजायचं भांडं.

नियतकालिकाने ते पत्र पाठवलं पहिल्या नावाच्या लेखकाला, म्हणजे इथे, या ओट्यावर.

"मी त्याला उत्तर दिलं," कासमाजी म्हणाले. "लिहिलं की चूक माझी आहे, मी आभारी आहे. नाव माझं पहिलं, तर चूकही माझीच ना? तुला सांगायचं होतं. पण तू यायचीस ईदला, घरात तीस माणसं. सगळ्यांसमोर काय सांगू? पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. मग पुढच्या. आणि इतक्या जुन्या पावसाचं कुणाला काय पडलंय, असंही वाटलं."

वुर्यानींनी मान वर केली. इतक्या वर्षांत त्यांनी गुरुजींच्या डोळ्यांत थेट बघितलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"बापाक, माझ्या विद्यार्थिनीने त्याच्यावर तिसरं प्रकरण उभं केलंय."

म्हाताऱ्याने रेघांचा कागद मागवला आणि तिथेच, मांडीवर पाट घेऊन, दोन पानं लिहिली. पहिल्या पानावर: सातही लेख वुर्यानींचे, माझं नाव केवळ मानासाठी. दुसऱ्या पानावर: चौथ्या लेखात अशी अशी चूक आहे, ती मला चार वर्षं माहीत होती, मी ती लेखिकेला कळवली नाही. दोन्ही पानांवर वेगवेगळी सही केली. देताना विचारलं, "आता चूकही तुझी झाली, चालेल?"

वुर्यानी म्हणाल्या, "ती माझीच होती."

परत येताना सिग्नलपाशी त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "सगळं तिसरं प्रकरण." पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच.

मी त्यांना काय सांगितलं ते इथे लिहिते, नाहीतर गोष्ट खोटी होईल. मी म्हणाले, शुक्रवारपर्यंत गप्प बसा. पहिलं पान तेवढं जोडू. दुसरं पान समितीने वाचलं तर ते तुम्हाला नाकारतील, रांबू जाईल डॉ. फिरमानांकडे, त्यांना १९३१ कळणार नाही, आणि चोवीस तारखेला ती पोरगी चुकीच्या प्रकरणावर डॉक्टर होईल. त्यापेक्षा आधी तुम्ही गाइड व्हा, मग काय ते दुरुस्त करा. हे मी अगदी शहाण्यासारखं सांगितलं. वुर्यानी हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. आमच्याकडे याला होच धरतात. दुसरं पान मी माझ्या खणात, शिक्क्याच्या डबीखाली ठेवलं.

बुधवार आणि गुरुवार मी आयुष्यात विसरणार नाही. वुर्यानींनी तास नसतानाही तास घेतले. जिन्यात रांबूचा आवाज आला की त्या ग्रंथालयात जायच्या, ग्रंथालयात आला की प्रसाधनगृहात. आणि रांबूचा आवाज दोन मजले आधी येतो. सुंब्याची माणसं आमच्यासारखी ओठांत बोलत नाहीत. बुधवारी ती परीक्षेला नेसायचं हातमागाचं कापड मला दाखवायला घेऊन आली, लाल आणि निळं, वर घोडे विणलेले. आईने आठ महिने बसून विणलं होतं. गुरुवारी आली ती आई आणि लेक बावीस तारखेला पोचतायत हे सांगायला. लेक सात वर्षांची झाली होती आणि तिने फोनवर विचारलं होतं, डॉक्टर झाल्यावर तू इंजेक्शन देणार का?

"ईबू वुर्यानी माझ्यापासून लपतायत का हो?" तिने विचारलं. "मी काही चावत नाही."

मी म्हणाले, कामात आहेत. आणि तिच्या सादरीकरणाच्या कागदांचे समास मोजायला घेतले, जे मोजायची काही गरज नव्हती. तिसऱ्या प्रकरणाचा तक्ता त्यात होता, पंधरा दिवसांचा, रंगीत. माझी पट्टी दोनदा घसरली.

शुक्रवारी बैठक वीस मिनिटांत संपली, कारण सगळ्यांना नमाजाला जायचं होतं. डॉ. फिरमान मोठ्या आनंदाने बाहेर आले, म्हणाले, बरं झालं, माझ्या मानेवरचं ओझं गेलं, ईबू वुर्यानी मुख्य गाइड. मी निःश्वास सोडते न सोडते तोच वुर्यानी माझ्या टेबलापाशी आल्या.

"दुसरं पान द्या."

मी म्हणाले, सोमवारी बघू. त्यांनी हात पुढे केला तो मागे घेतला नाही. मी पान दिलं. ते घेऊन त्या डॉ. फिरमानांच्या मागे गेल्या आणि व्हरांड्यात, चपला घालत असलेल्या त्या माणसाच्या हातात ठेवलं. त्यांनी एका पायावर उभं राहून वाचलं. चेहरा लाल झाला. मग म्हणाले की नियमात लेख कोणाचा ते विचारलंय, बरोबर की चूक ते विचारलेलं नाही, त्यामुळे ठराव ठरावच राहील, पुढचं तुम्ही गाइड म्हणून निस्तरा. पान फायलीला लावायला माझ्याकडे देऊन ते मशिदीकडे निघाले, जवळजवळ पळतच.

वुर्यानींनी रांबूला तिथेच, माझ्या खोलीत बोलावलं. मी उठायला लागले तर मला हाताने खाली बसवलं. त्यांनी सगळं सांगितलं: कारखाना, टेकडी, भांडं, पत्र. आडवळण घेतलं नाही, माफीही मागितली नाही. फक्त म्हणाल्या, "तिसरं प्रकरण उभं राहत नाही. नव्याने करावं लागेल. चोवीसला परीक्षा होणार नाही."

रांबूने आधी पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तिने हळू आवाजात विचारलं, आणि तिचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज शुक्रवार आहे. म्हणजे आधी समितीची सही घेतलीत, मग मला सांगितलंत."

मला वाटलं आपण बोलावं, सल्ला माझा होता म्हणून सांगावं. तोंड उघडलं आणि मिटलं. वुर्यानी म्हणाल्या, "हो."

"आणि त्यांनी तुम्हाला नाकारलं असतं तर? सांगितलं असतं?"

व्हरांड्यात कोणीतरी खुर्च्या ओढत होतं.

"सांगितलं असतं असं मला वाटतं. शपथेवर नाही सांगता येणार."

रांबू हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. म्हणाली की तिची आई आठ दिवसांत जहाजातून उतरेल आणि आता तिला काय दाखवू, पर्जन्यमापक? मग तिने खिशातला रुमाल काढला, डोळे पुसले नाहीत, नुसताच घडी घालत बसली. घडीवर घडी, रुमाल काडेपेटीएवढा होईपर्यंत. वुर्यानी तिच्यासमोर उभ्याच होत्या. कोणी कोणाला बसा म्हणालं नाही.

"टेकडीच्या या बाजूचं, पाऊस मोजायचं दुसरं कुठलं ठाणं आहे, ज्याच्या नोंदी १९३१ नंतरही चालू आहेत?" रांबूने विचारलं. रागानेच विचारलं.

"दोन आहेत. एक रेल्वेचं, एक पाटबंधाऱ्याचं. मी काल शोधली."

"लपत होतात तेव्हा?"

"लपत होते तेव्हा."

"किती महिने?"

"पाच. तुम्ही माझ्यावर रागावून काम केलंत तर चार."

मी परीक्षा पुढे ढकलण्याचा अर्ज काढला. त्यावर मुख्य गाइडची सही लागते, डावीकडे. वुर्यानींनी पेन उजवीकडे नेलं, जिथे सहगाइडची जागा असते आणि जिथे त्यांनी वीस वर्षं सह्या केल्या होत्या. मी बोटाने डावीकडची जागा दाखवली. मुख्य गाइड म्हणून त्यांची पहिली सही ती. तिच्याखाली रांबूने केली, इतकी दाबून की खालच्या कागदावर उमटली.

मग रांबू दोन्ही ठाण्यांची नावं हातावर पेनाने लिहून घेऊन निघाली. जाताना विद्यार्थी गाइडचा हात कपाळाला लावतो. ती न लावताच गेली. वुर्यानींचा हात जरासा पुढे आलेला होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला, जणू टेबलच धरायचं होतं.

"म्बाक तिन," त्या म्हणाल्या, "ती सोमवारी येईल?"

मला माहीत नव्हतं. जिन्यावरून रांबू फोनवर आईशी बोलत उतरत होती, आणि ऐकू सगळं येत होतं, पण भाषा सुंब्याची होती. आम्ही दोघी कान देऊन उभ्या राहिलो. आम्हाला एकच शब्द कळला, तो म्हणजे वुर्यानींचं नाव. ते तिने तीन वेळा घेतलं.